पटावरची चिंचोटी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. नायगाव पूर्वेहून बापाण्यापर्यंत एक रिक्षा, तिथून चिंचोटी फाट्यापर्यंत दुसरी. दोन्हींत पाच-पाच माणसं कोंबलेली आणि माझ्या मांडीवर फुग्यांची पिशवी. फाट्यावर उतरले तर पायाखाली चिखल, डोक्यावर ऊन.

प्रवेशोत्सव म्हणजे दारात रांगोळी, पहिलीच्या मुलांच्या हातात गुलाब, नवी पुस्तकं आणि एक फोटो, जो दुपारच्या आत वर पाठवायचा असतो. रांगोळी मात्र आमची बघण्यासारखी. तिसरीतल्या एका मुलाची आई जुचंद्रची, आणि जुचंद्रच्या माणसाला रांगोळी शिकवायला लागत नाही. साडेसहाला येऊन तिने एकटीने मोर काढला. साडेआठला पहिलीतला एक गडी त्या मोरावरून रडत-लोळत आत आला. तिने फक्त एवढंच म्हटलं, "बाई, निदान पिसारा तरी ठेवला त्याने."

पहिलीत अकरा आले. गेल्या वर्षी चौदा होते, त्याच्या आदल्या वर्षी एकोणीस. आकडे लिहून ठेवते, कारण ३० सप्टेंबरच्या पटावर आमच्यातली एक अतिरिक्त ठरणार की नाही ते ठरतं.

परिपाठाला राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, मग प्रार्थना. प्रार्थनेआधी मोठ्या सिस्टर आणि पटावरची सहा कॅथलिक मुलं क्रुसाची खूण करतात, बाकीची हात जोडून उभी राहतात. सक्ती कसलीच नाही. आज एका नव्या पोराने आधी हात जोडले, मग खूण केली, आणि खांद्यावरून आलेल्या हाताने जाता जाता नाकही पुसलं.

शाळेच्या पाटीवर संताचं नाव आहे आणि सहा सोडून सगळी मुलं आगरी, कातकरी, वारली, मराठवाड्यातून गोदामांवर आलेल्यांची, नाहीतर गाळ्यांत काम करणाऱ्या उत्तरेकडच्यांची. माझ्या लहानपणी नंदाखालच्या शाळेत हे उलटं होतं. तिथे चर्चची घंटा आणि शाळेची घंटा कोणती, हे आम्हाला कळायचं नाही. इथे चर्च नाही. पुढे महामार्ग, मागे तुंगारेश्वरचा डोंगर.

३० जून, सोमवार

पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे एप्रिल आणि जूनचे दोन्ही शासन निर्णय काल रद्द झाले. मधल्या सुट्टीत सगळ्या बाई त्यावरच बोलत होत्या. पोषण आहाराच्या मावशी डाव पुसत म्हणाल्या, "आमच्या पोरांना किती भाषा येतात ते कोणी मोजलंय का?"

म्हणून तिसऱ्या तासाला मोजायला घेतलं. चौथीतल्या प्रत्येकाने "माझे डोळे दुखतात, आई पाणी दे" हे वाक्य घरी बोलतो तसं म्हणायचं. आगऱ्यांच्या पोराचं 'डोले' आणि 'पानी' झालं, तेव्हा वर्ग हसला. मग भोजपुरी आली. मग कातकरी आली, ती कोणालाच नीट कळली नाही, म्हणून कोणी हसलं नाही. शेवटी मला विचारलं, "बाई, तुम्ही?" मी आमच्या कुपारी बोलीत म्हणून दाखवलं. त्यावर मात्र सगळ्यांत जास्त हसले. मी मराठीची बाई आहे आणि घरी मराठी 'अशी' बोलते, हे त्यांना फसवणुकीसारखं वाटलं असावं.

कातकरीतून बोललेली मुलगी हजेरीत एकोणिसावी. तिचं नाव या वहीत लिहीत नाही; वही उद्या कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. एकोणीस नंबर म्हणूनच लिहीन. वर्गात बोलत नाही. गणित मात्र तोंडी करते, आणि करून झालं की खिडकीबाहेर बघते.

१४ जुलै, सोमवार

काल रविवार, म्हणजे धबधब्याचा वार. दर पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर जायला बंदी येते आणि तरी माणसं येतात. डोंगरात कुठे ढग फुटला की खालच्या कोरड्या वाटणाऱ्या दगडावर पाणी दोन मिनिटांत चढतं. पोहता येण्या-न येण्याचा प्रश्नच उरत नाही. पाड्यावरच्या पोरांना हे पाठ आहे. मुंबईहून आलेल्याला ते सांगतातही. "पण बाई, ते आपल्याला फोटो काढायला सांगतात," हे दुसरीतल्या एकाचं म्हणणं.

बंदीची दुसरी बाजू माझ्या वर्गात बसते. एकोणीस नंबरची आई वाटेवर कणसं भाजते, भजी तळते. बंदोबस्त लागला की गिऱ्हाईक नाही. आज वही नव्हती तिच्याकडे. मागच्या वर्षीच्या वहीची कोरी पानं फाडून, सुईदोऱ्याने शिवून तिने वही केली होती. टाके इतके सारखे की मी दोनदा उलटून पाहिलं.

बंदी असावीच. या डोंगरातून खाली आणलेल्या पोरांच्या रुग्णवाहिका शाळेच्या दारावरून जातात, तेव्हा मी वर्गाची खिडकी लावून घेते. पण त्या आईला चार महिने काय खायचं, हे कोणत्याच आदेशात लिहिलेलं नसतं.

२५ जुलै, शुक्रवार

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना जाऊन आज वर्ष झालं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही नंदाखालच्या, परिपाठात पाच मिनिटं तुम्हीच बोला."

पाच मिनिटांत काय काय सांगणार? आमच्या घरी 'सुवार्ता' यायची, तेव्हा ते संपादक होते. बाबा वाडीतून आले की पाय न धुता अंक उघडायचे आणि आई ओरडायची. हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा मी शाळकरी होते. तेव्हा कोण कोणाविरुद्ध आहे ते कळत नव्हतं. मोठी माणसं जेवताना गप्प असायची एवढं आठवतं. पुढे 'सुबोध बायबल' आलं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पाठदुखीने बेजार, तरी बोलायला उभे राहिले. टीव्हीसमोर आमची अख्खी आळी बसली होती.

यातलं निम्मं मुलांच्या डोक्यावरून गेलं. तिसरीतल्या एकाने हात वर केला. "फादर होते, तर मराठीत कसे लिहायचे?"

प्रश्न खरा होता. त्याच्या चाळीत ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी. त्याला म्हटलं, वसईतले आम्ही चारशे-साडेचारशे वर्षं ख्रिस्ती आहोत आणि त्याच्याही आधीपासून मराठी. माझी आजी मात्र देवळात लॅटिन ऐकायची, कारण मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये असायची. साठच्या दशकात रोमला व्हॅटिकनची मोठी परिषद झाली, त्यानंतर ती मराठीत आली. आजी म्हणायची, इतकी वर्षं देवाला सगळं कळत होतं, आता मलाही कळायला लागलं.

पोराने विचार केला. "मग आधी तुम्ही नुसतं 'हो हो' म्हणायचात?"

जवळजवळ तसंच, बाळा.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सुट्टी. पाऊस थांबायला तयार नाही. मावशींचा फोन: कोठीच्या खोलीत पाणी, तांदळाची पोती बाकांवर चढवली. कोणी चढवली विचारलं, तर पाड्यावरचे दोन बाप आणि गाळ्यातला वेल्डर.

८ सप्टेंबर, सोमवार

मारियामातेचा जन्मदिवस. सिस्टरांनी पुतळ्याशी परडी ठेवली होती, ज्याला वाटेल त्याने फूल वाहावं. मळभ आणि तेरड्याचे दिवस, त्यामुळे परडी गुलाबी-जांभळी झाली. हाच तेरडा आठवड्यापूर्वी याच मुलांनी घरी गौरींना नेला होता. त्याच्यातून इतक्या मुंग्या निघाल्या की प्रार्थना आटोपती घ्यावी लागली.

३० सप्टेंबर, मंगळवार

पटाचा दिवस. मुलगा वर्गात बसलेला दिसतो एवढ्याने तो पटावर येत नाही. आधार पडताळणी झालेलाच मोजायचा. नऊ जणांची जुळत नव्हती. कुणाच्या नावात वेलांटी चुकलेली, कुणाची जन्मतारीख सगळ्या पाड्याची मिळून एकच, १ जानेवारी. त्यातली सात जुळवली. एका केंद्रावर तीनदा गेले, तिन्ही वेळा यंत्र बंद. चौथ्यांदा यंत्र चालू आणि बोटांचे ठसे उमटेनात, कारण पोरगी आईबरोबर खडी उचलायला जाते आणि बोटं घासली आहेत. आठ वर्षांच्या बोटांवर रेघा नसाव्यात? एकोणीस नंबरच ती.

शेवटी ओलं फडकं, थोडं खोबरेल, पुन्हा फडकं. उमटले. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "बाई, ही युक्ती मी आता सगळ्यांना सांगणार."

पट ८५. कोणी अतिरिक्त नाही, या वर्षी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

एकोणीस नंबरचे वडील आले. दारातच उभे. आत या म्हटलं तरी चपला काढू की नको, यातच दोन मिनिटं.

"बाई, दिवाळी झाली का आम्ही भट्टीवर. पोरीला नेतोय. तिकडं धाकट्याला बघाया कोनी नाय."

मला माहीत होतं. दरवर्षी माहीत असतं. वीटभट्टीची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, बाजारात, औषधपाण्यात, लग्नात गेलेली असते, आणि दिवाळीनंतर ती अंगाने फेडायची. अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे परत येतात. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण जातं.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "सिस्टरबाईंनी नाताळच्या गोठ्याचं सांगितलं व्हतं. तेव्हा आम्ही नसू. आत्ताच करून देतो."

आणि बसले. आपल्या जुन्या घराच्या कुडातल्या कारव्या सुटवून आणल्या होत्या. विळ्याने एका मापाच्या कापल्या, सुतळीने बांधल्या, वर पेंढा. दुपारी बायको आली, तिने शेणमातीचा हात फिरवला. वीतभर उंचीचं घर, पण कुडाच्या फटीसुद्धा खऱ्या घरासारख्या, वारा जाईल अशा. मग तिने आत वाकून बघितलं आणि कोपऱ्यात तीन खडे मांडले. सिस्टरांनी विचारलं, हे काय?

"चूल. बाळंतीण हाय ना? तिला शेक कुठं देनार?"

सिस्टर केरळच्या. त्यांना शेक म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. त्या बराच वेळ त्या तीन खड्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, चूल राहू दे, आणि कुणी काढू नका.

१५ ऑक्टोबर, बुधवार

शाळेत तीन बाई, मुलं तेवीस. महामार्ग रात्रभर तुंबलेला. घोडबंदरकडचं दुरुस्तीचं काम आणि वळवलेली अवजड वाहनं. काल संध्याकाळी विरारजवळच्या सहलीवरून परतणाऱ्या मुंबई-ठाण्याच्या शाळा-कॉलेजांच्या बारा बस त्यात अडकल्या. पाचशेहून जास्त मुलं, बारा तासांच्या आसपास रस्त्यावर. गावातली माणसं पाणी-बिस्किटं घेऊन गाड्यांमधून वाट काढत गेली. आमच्या चौथीतल्या एकाचा बापही गेला होता. तो सांगत होता, पुढची गाडी हलली तर आपण मागे राहू, म्हणून कोणी बसमधून उतरायला तयार नव्हतं.

वर्गाला चर्चेसाठी विषय मिळाला. मी म्हटलं, अशा वेळी आपण कोणकोणती मदत करू शकतो? पहिला प्रश्न आला, "बाई, त्यांनी शू कुठे केली?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. या महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येक बाईकडे तो प्रश्न मात्र आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी संपून आठवडा झाला. हजेरी घेताना मी अठरा म्हणून थांबते आणि वीस म्हणते. मधला श्वास मुलांना ऐकू येतो. आज त्यांच्यातलाच एक म्हणाला, "भट्टी." जणू ते हजेरीचंच उत्तर.

चौथीतून तिघं गेली, सगळ्या शाळेतून अकरा. तिघांना शिक्षण हमी कार्ड करून दिलं होतं. त्यावर मुलाला काय काय येतं ते लिहिलेलं असतं, म्हणजे जिथे जाईल तिथली शाळा त्याला पुढून शिकवेल. कागद चांगला आहे. भट्टीपासून शाळा किती लांब आहे, ते मात्र त्या कागदाला माहीत नसतं, आणि धाकट्या भावाला कडेवर कोण घेणार, तेही नाही.

रात्री अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' काढून बसले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. ते कोसबाड आणि ही चिंचोटी आज एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. डी.एड.ला असताना कुरणशाळेवर मी दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. नऊ मिळाले होते.

५ डिसेंबर, शुक्रवार

नाताळच्या गाण्यांची तालीम. पेटी बिघडली आहे, दोन पट्ट्या वाजत नाहीत, त्यामुळे सूर नेमका वर चढायचा तिथे खाली बसतो. मुलांनी चाल तशीच शिकून घेतली. आता पेटी दुरुस्त केली तर गाणं चुकेल.

मेंढपाळ सगळ्यांना व्हायचंय. योसेफ व्हायला कोणी तयार नाही, कारण त्याला वाक्य नाही आणि दाढी टोचते.

२० डिसेंबर, शनिवार

अर्धा दिवस शाळा करून मी आणि धाकट्या सिस्टर भिवंडी रस्त्याने निघालो. कामणच्या पुढे कुठेतरी, एवढाच पत्ता. बरोबर तीन मुलांच्या वह्या, घरून तळून आणलेले फुगे (आमच्याकडचे, खायचे), आणि गोठ्याचा फोटो, एकोणीस नंबरच्या वडिलांसाठी. दोन भट्ट्यांवर चुकलो. तिसऱ्या भट्टीवर धाकटा भाऊ आधी दिसला. विटांच्या थराआड एका साडीच्या झोळीत झोपला होता. झोळी ती डाव्या पायाच्या अंगठ्याने हलवत होती आणि उजव्या हाताने मातीवर काडीने काहीतरी लिहीत होती.

"बाई" म्हणाली नाही, उभीही राहिली नाही. फक्त लिहिणं थांबलं.

आईने पाणी दिलं. वडील लांब साच्यावर होते, हात माखलेले. त्यांनी फोटो हातात घेतला नाही, सिस्टरांना धरायला सांगून बघितला. "चूल ठिवली," एवढंच म्हणाले, आणि बायकोला हाक मारली.

फुगे वाटून झाले. कोरडे झाले होते, कुणी तक्रार केली नाही. भट्टीवर आणखी सात-आठ मुलं होती. कुठल्या शाळेच्या पटावर ती आहेत, त्यांनाही सांगता येईना. सिस्टरांनी त्यांना गोल बसवून गाणं सुरू केलं. मुलांना येईना, तेव्हा सिस्टर आमच्या बिघडलेल्या पेटीच्याच चालीवर म्हणू लागल्या.

मी तिच्या शेजारी टेकले. मातीवरची काडी बघितली. गणित होतं. रोजच्या विटा एकाखाली एक: अकराशे वीस, नऊशे ऐंशी, बाराशे, हजार पन्नास, अकराशे, आठशे पन्नास. सहा दिवसांचे सहा आकडे, खाली आडवी रेघ. बेरीज सहा हजार तीनशे, बरोबर. हातचे तिने रेघेच्या वर छोटे काढले होते, मी जुलैमध्ये दाखवले होते तसेच.

"हिशेब बाचा?"

मान हलली. मग पहिल्यांदा बोलली. मुकादम वहीत पाच हजार आठशे लिहितो. बाबा सहा हजार तीनशे म्हणतात. मुकादम म्हणतो, मधली तूट. फुटलेल्या, वाकलेल्या, कुत्रं चालून गेलेल्या विटांची.

"पाचशे फुटतात आठवड्याला?"

"मी मोजल्या. एकशे साठ." बोट करून दाखवलं. झोळीच्या पलीकडे फुटक्या विटांची रास होती. दहा-दहाचे गठ्ठे लावून ठेवलेले, सोळा.

मी वही काढून तिच्यापुढे ठेवली, नवी, शंभर पानी. तिने ती उघडून शिवण पाहिली, मग पहिल्या पानावर मातीवरचे सहाही आकडे उतरवले. रेघ मारली, बेरीज लिहिली. पुढे पेन्सिल थांबली.

"बाई," तिने विचारलं, "खर्ची रविवारी देतात. मग तूट आधी वजा करायची, का खर्ची आधी?"

धाकटा उठला. ती पायाने झोळी हलवत राहिली आणि माझ्या उत्तराची वाट बघत होती.